तुझं शून्य मी खोडलं

मनू,

हे पत्र आईच्या फोनवर पाठवतोय, सकाळी वेणी घालताना ती तुला वाचायला देईल. मी आठला घरी पोचेपर्यंत तू शाळेत गेलेली असणार आणि हा आख्खा आठवडा असाच जाणार, माझी नाईट आहे. खरं तर काल रात्रीच बोलायचं होतं, पण तू तोंडावर उशी घेऊन झोपलीस (झोपलीस की झोपल्याचं नाटक केलंस ते मला कळतं हां) आणि मला साडेनऊला निघायचं होतं.

तर होमवर्क. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा, जे येईल त्याचं परत तेच करा आणि काय दिसतं ते लिहा. पहिलं तू तुझं जन्मसाल घेतलंस, 2013. 3210 वजा 0123, आले 3087. मग 8730 वजा 0378, आले 8352. मग 8532 वजा 2358, 6174. आणि 6174 चं केलं तर 7641 वजा 1467 म्हणजे परत 6174, तू ओरडलीस "बाबा अडकलं!" दुसरी संख्यापण तिथेच येऊन अडकली. मग तिसरी तू आपल्या स्कूटीचा नंबर घेतलास, 1121, आणि तिथून सगळा राडा झाला.

तू 2111 वजा 1112 केलंस आणि 0999 लिहिलंस. मी चहाचा कप घेऊन मागून वाकून बघत होतो, मला काय घाई होती माहीत नाही, सरळ लाल पेन उचलून त्या पुढच्या शून्यावर रेघ मारली. म्हटलं पुढच्या शून्याला किंमत नसते, एवढंही शिकवलं नाही का. तू म्हणालीस, "पण बाबा, चार घरं आहेत ना." मी म्हटलं घरं बिरं काही नसतं. मग उरले 999, ते उलटे लिहा सुलटे लिहा 999 च, वजाबाकी शून्य. वर मी शहाणपणा केला की कोडंच चुकलंय, तुमच्या मॅडमनी कुठल्यातरी फॉरवर्डमधून उचललेलं दिसतंय. तू एवढंच विचारलंस की मग बाकीच्यांचं 6174 च का येतं, आणि मी म्हटलं, येतं म्हणजे येतं, लिही आणि झोप.

आता पुढचं ऐक. इथे सबस्टेशनला आम्हाला दर तासाला पॅनेलवरची रीडिंग लॉगशीटवर लिहावी लागतात, व्होल्टेज, प्रत्येक फीडरचे (म्हणजे इथून बाहेर वीज नेणाऱ्या लाइनचे) अँपिअर, मीटरचे आकडे. मीटरवर सहा घरं आहेत आणि पुढे शून्य असलं तरी लिहायचंच. गेल्या महिन्यात नवीन आलेल्या पोराने ते गाळलं तर मी त्याला अर्धा तास झापलं होतं, की घर रिकामं ठेवू नको, उद्या कुणी त्यात एक टाकला तर जबाबदार कोण. काल बाराचं रीडिंग लिहायला बसलो, पहिल्या घरात शून्य लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. चार घरं आहेत ना बाबा.

मग जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूला तुझं गणित पुढे केलं. 0999, म्हणजे 9990 वजा 0999, 8991. मग 9981 वजा 1899, 8082. मग 8820 वजा 0288, 8532. आणि 8532 वजा 2358, परत आपलं 6174. पाच पायऱ्या लागल्या पण आलं. म्हणजे कोडं बरोबर, मॅडम बरोबर, तू बरोबर. माझ्या नोकरीला लागायच्या सालाचं, 2005 चंही करून बघितलं, सात पायऱ्या लागल्या. सातच्या वर कुठल्याच संख्येला लागत नाहीत म्हणे, म्हणजे मी बरोब्बर सगळ्यात लांबचा रस्ता पकडला.

आणि हे फॉरवर्ड वगैरे अजिबात नाहीये. हे शोधून काढलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, 1949 मध्ये, आणि ते राहायचे कुठे, तर इथे देवळालीला! आपण कॅम्पला जातो ना, तीच देवळाली. जन्म 1905 चा, डहाणूचा, आणि 1930 पासून 1962 ला रिटायर होईपर्यंत देवळालीत शाळेत शिकवायचे. मोठ्या युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर नव्हते, शाळामास्तर. आपल्याकडे बऱ्याच लोकांना हे नुसते आकड्यांचे खेळ वाटायचे, मग 1975 मध्ये अमेरिकेत गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. आता 6174 ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून डेम्लो नाव दिलं होतं, मावशीला सांग, तिला त्या स्टेशनवर गर्दीशिवाय कधी काही सुचलेलं नाही.

आता तुझं "का". चार अंकी एकदम डोक्यात शिरेना म्हणून मी आधी तीन अंकी घेतलं. 8, 5, 1 घे. 851 वजा 158. एककात 1 मधून 8 जात नाहीत, दशकाकडून हातचा घेतला, 11 वजा 8, 3. दशकात 5 होते, एक दिला म्हणून 4 राहिले, आणि त्यातून वजा काय करायचेत, तर तेच 5, कारण उलटं केलं तरी मधला अंक मधेच राहतो! स्वतःतून स्वतःच जायचा पण एक उसना देऊन बसलाय, म्हणून शतकाकडून घ्यावाच लागतो, 14 वजा 5, 9. तिथे 5 च्या जागी 2 ठेव नाहीतर 7 ठेव, मधे 9 च येणार. शतकात उरले 7, वजा 1, 6. उत्तर 693. कडेचे दोन बघ, 6 आणि 3, बेरीज 9. तीपण दरवेळी 9 च. मी वीसेक संख्या करून बघितल्या, मधे दोनचं रीडिंग घ्यायला उठलो आणि परत येऊन अजून चार केल्या, विश्वासच बसेना.

म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर मधे 9 आणि कडेला 9 ची जोडी, बस्स, बाकी काही येऊच शकत नाही. 0-9, 1-8, 2-7, 3-6, 4-5, पाचच घराणी. आता ती उतरत्या क्रमाने लावून वजा करत जा. 990 वजा 099, 891. 981 वजा 189, 792. 972 वजा 279, 693. 963 वजा 369, 594. 954 वजा 459, 495. प्रत्येक घराणं खालच्या घराण्यात उतरतं आणि शेवटचं 495 स्वतःतच परत येतं. जिना आहे गं तो! कुठल्याही पायरीवर ये, खाली 495 च्या ओट्यावरच येणार.

चार अंकीला जरा गुंतागुंत आहे. उतरत्या क्रमाने लावल्यावर फक्त दोन फरक महत्त्वाचे, पहिला आणि शेवटचा यांच्यातला, आणि मधल्या दोघांमधला. पहिल्या फरकाला 999 ने गुण, दुसऱ्याला 90 ने, बेरीज कर, तीच वजाबाकी. 7641 चं बघ. 7 वजा 1, 6. 6 वजा 4, 2. सहा गुणिले 999, 5994. दोन गुणिले 90, 180. बेरीज 6174. हे जमल्यावर मी एकटाच हसलो, बाहेरून वॉचमन विचारतो काय झालं साहेब.

आणि अशा दोन फरकांच्या जोड्या किती होऊ शकतात मोजलं तर फक्त 54. म्हणजे दहा हजार संख्या तपासायच्या नाहीत, 54 तपासल्या की झालं. मी कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्या केल्या, पाच वाजले, मधे एक फीडर ट्रिप झाला तो चार्ज करून आलो. सगळ्या वाटा 6174 लाच येतात. पण तिथेच का, तीन अंकीसारखा सुंदर जिना इथे का नाही, ते मला जमलं नाही, कागद घेऊन येतोय, रविवारी दोघं बघू.

तोपर्यंत व्हॅनमध्ये दोन अंकी करून बघ. ते कुठे अडकतं ते मी सांगणार नाही, एवढंच सांगतो की ते वेगळंच काहीतरी करतं. आणि वाटेत 09 आले तर त्याचं 9 करू नकोस.

तिसरं गणित वहीत परत लिहून काढ, पाचही पायऱ्या, 0999 शून्यासकट. लाल रेघेवर व्हाइटनर लावू नकोस. मॅडमनी विचारलं तर सांग बाबांनी मारली.

सहाचं रीडिंग घ्यायचंय, उठतो.

बाबा