माझ्या सर्व्हरवर दुसऱ्याच सर्व्हरची कर्नल कॉन्फिग टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
सपोर्ट टीम आणि त्यांचे मॅनेजर

विषय: कर्नल रीबिल्ड, बंद पडलेला मेल सर्व्हर आणि चुकीचं कारण लिहून बंद केलेलं तिकीट

नमस्कार,

तिकीट तुम्ही 'रिझॉल्व्ड' म्हणून बंद करून टाकलंय आणि कारण लिहिलंय की ग्राहकाचं हार्डवेअर नवीन कर्नलला (सिस्टिमचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) चाललं नाही. म्हणून हे पत्र. मशीन तुमची, कर्नल तुमचा, बिल्ड तुम्ही केला, मी नुसतं भाडं भरतो, मग यात ग्राहकाचं हार्डवेअर आलं कुठून? वर इमर्जन्सी कामाचे दोन तास पण माझ्याच बिलात लावलेत.

मी काय मागितलं होतं ते परत एकदा वाचा. वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणी) चालू करून द्या, बस, एवढंच. ते ५.६ पासून म्हणजे २०२० पासून मेन कर्नलमध्येच आहे, फक्त तुमच्या कस्टम बिल्डमध्ये तो ऑप्शन बंद होता आणि तुमच्या अटींप्रमाणे मला स्वतःचा कर्नल टाकता येत नाही, नाहीतर मीच केलं असतं. चालू कर्नलची कॉन्फिग (त्यात काय चालू आणि काय बंद याची यादी) बूट फोल्डरमध्ये पडलेली होती, ती उचलायची, वायरगार्डच्या ओळीत 'इज नॉट सेट' काढून मॉड्यूल करायचं, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' मारायचं (उरलेले नवीन ऑप्शन आपोआप डिफॉल्टवर जातात) आणि बिल्ड. माझी फाइल समोर असताना दुसऱ्या मशीनची का घेतली हे मला अजून कळत नाहीये.

रात्री दोनला तुम्ही रीबूट केला आणि मेल सर्व्हर परत आलाच नाही. अर्धा तास वाट बघून मी रिमोट कन्सोल उघडला. स्क्रीनवर लिहिलेलं की रूट डिव्हाइस (ज्यावर सिस्टिम आहे ती डिस्क) उघडता येत नाही, बरोबर रूट ऑप्शन द्या, उपलब्ध पार्टिशन्स खालीलप्रमाणे, आणि खाली काहीच नाही! यादी कोरी. त्याच्याखाली 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)', म्हणजे कर्नल तिथेच थांबला. ते शून्य-शून्य बघूनच समजलं की कर्नलला एकसुद्धा डिस्क दिसत नाहीये. डिस्क खराब असती तर निदान तिचं नाव तरी आलं असतं.

बरं, पॅनिक झाला तर जुना कर्नल निवडून बूट करता येतं, सगळे तेच करतात. बूट मेनू उघडला तर एकच एन्ट्री. तुमच्या माणसाने चॅटवर सांगितलं की बूट पार्टिशन भरलं होतं म्हणून जुने कर्नल काढले. नवीन एकदाही बूट करून न बघता?? मग रेस्क्यू मोड (दुसऱ्या छोट्या सिस्टिमवरून दुरुस्ती), मग पुन्हा बिल्ड, आणि पहाटे पाचला कसाबसा सर्व्हर वर आला.

वर आल्यावर मी पहिलं 'यूनेम' (कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) चालवलं आणि व्हर्जनच्या शेवटी '-डीबी०३' असं शेपूट. डीबी म्हणजे डेटाबेस, आणि माझ्याकडे डेटाबेस सर्व्हर नाहीये हो, एक पण नाहीये, तिसरा कुठून आला? ते लोकल व्हर्जनचं नाव कॉन्फिग फाइलमधूनच येतं, म्हणजे फाइल कुणाची होती ते कर्नल स्वतःच ओरडून सांगतोय. माझ्या बॅकअपमध्ये जुनी कॉन्फिग होती, कर्नल सोर्समध्येच 'डिफकॉन्फिग' नावाची छोटी स्क्रिप्ट असते तिने ती आणि तुमची नवीन ताडून बघितल्या. एक ओळ बदललेली दिसायला हवी होती, माझ्या स्क्रीनवर मात्र पानंच्या पानं सरकत गेली.

ती वाचल्यावर सगळा उलगडा झाला. ती डीबी०३ म्हणजे व्हर्च्युअल मशीन असणार, कारण त्यात व्हर्टआयओचे (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क-नेटवर्कचे) सगळे ड्रायव्हर बिल्ट-इन आहेत आणि माझ्या रेड कार्डला (डिस्क जोडणारं कार्ड) लागणारा मेगारेड ड्रायव्हर बंद आहे, एक्सएफएस ही फाइलसिस्टिम पण बंद आहे, आणि माझं रूट पार्टिशन एक्सएफएसच आहे. शिवाय त्या मशीनला सगळं बिल्ट-इन असल्याने इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला ड्रायव्हर देणारी छोटी फाइलसिस्टिम) लागत नसावं, म्हणून तुम्ही माझ्याकडेही बनवलं नाही. पण माझ्या ग्रबमध्ये (बूट करून देणारा प्रोग्राम) रूट हे फाइलसिस्टिमच्या यूयूआयडीने (तिचा ओळख क्रमांक) दिलंय आणि तो यूयूआयडी कर्नलला एकट्याला कळत नाही, ते शोधायचं काम इनिटरॅमएफएसमधून होतं. म्हणजे ड्रायव्हर असता तरी बूट झालंच नसतं. एकच फाइल कॉपी केली आणि तीन ठिकाणी आपटलो.

आणि खरी चीड पुढच्या गोष्टीची आहे. पहाटे तुम्ही मेगारेड आणि एक्सएफएस चालू केलं, इनिटरॅमएफएस बनवलं, 'सर्व्हर इज अप' असं लिहिलं आणि निघून गेलात. फाइल मात्र तीच डीबी०३ ची. त्यात नेटफिल्टरचे (कर्नलमधला फायरवॉलचा भाग) बरेचसे ऑप्शन बंद आहेत, त्या मशीनच्या पुढे वेगळा फायरवॉल असेल, माझ्या पुढे नाहीये! माझे फायरवॉलचे नियम लोड झालेच नाहीत, सर्व्हिस 'फेल्ड' दाखवत होती आणि पाच ते साडेनऊ सगळे पोर्ट जगाला उघडे होते. हे मला तुम्ही नाही सांगितलं, लॉगमध्ये लॉगिनच्या प्रयत्नांची रांग लागलेली बघून माझं मला कळलं. त्यात अजून एक म्हणजे ३२ थ्रेडच्या मशीनवर ८ च दिसतायत, कारण त्या फाइलमध्ये सीपीयूची कमाल संख्याच ८ ठेवलेली आहे. पैसे मात्र मी ३२ चे भरतोय.

आणि हो, वायरगार्ड. ते अजून बंदच आहे. एवढा तमाशा झाला आणि ज्याच्यासाठी झाला ती ओळ त्या फाइलमध्ये पण 'इज नॉट सेट' च आहे.

दुसऱ्याची कॉन्फिग घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. एकसारखी दहा मशीन असतील तर सगळे एकच फाइल वापरतात, मीही वापरलीय. पण आधी 'एलएसपीसीआय' (हार्डवेअरची यादी) आणि 'एलएसमॉड' (चालू ड्रायव्हर मॉड्यूलची यादी) बघून त्या मशीनला काय काय लागतं ते तरी ताडून बघायचं ना.

आता मला काय हवंय. माझ्या मूळ कॉन्फिगवरून, फक्त वायरगार्ड वाढवून, पुन्हा बिल्ड करा, आणि बिल्डनंतरची डिफकॉन्फिगची यादी रीबूटच्या आधी मला पाठवा. आत्ता चालू असलेला कर्नल डिफॉल्ट राहू द्या आणि नवीन 'ग्रब-रीबूट' ने एकदाच बूट करा, सोबत पॅनिक ३० चा पॅरामीटर द्या म्हणजे पडला तर अर्ध्या मिनिटाने आपोआप रीबूट होऊन आत्ताच्या कर्नलवर येईल, रात्री कुणाला उठवायला नको. तिकिटावरचं कारण बदलून खरं कारण लिहा. इमर्जन्सीचे दोन तास बिलातून काढा. फायरवॉल बंद होता त्या साडेचार तासांचे तुमच्या बाजूचे नेटवर्क लॉग मला द्या, कुणी आत शिरलं का हे मला तपासायचंय. आणि डीबी०३ ज्या कुणाचं आहे त्यांनाही कळवा की त्यांची कॉन्फिग फाइल आता माझ्याकडे आहे, मी ती कुणाला देणार नाही, पण त्यांना माहीत असायला हवं.

उत्तर लेखी आणि याच तिकिटावर द्या, फोनवर नको. तोपर्यंत मला विचारल्याशिवाय या मशीनवर कुणीही रीबूट मारू नका.

तुमचा ग्राहक
(मेल सर्व्हरवाला, डीबी०३ वाला नव्हे)