फर्नेस लहान घेतलीय, पण थंडी नाही वाजणार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधीच सांगते म्हणजे इथे आल्यावर धक्का नको. फर्नेस, म्हणजे गरम हवा सोडून घर तापवणारी भट्टी, बसवून झाली, ताशी 60 हजार बीटीयूची (बीटीयू हे उष्णता मोजायचं माप). तुम्ही परत परत बजावलंत की जुनी 1 लाखाची होती तर निदान तेवढी तरी घे, पैशाकडे बघू नको. पैशाकडे नाही हो बघितलं, शपथ. इथे टोरोंटोत हिशोब बाहेर उणे 18 आणि आत 22 धरून करतात, म्हणजे 40 डिग्रीचा फरक, मग भिंती, खिडक्या, छप्पर यांतून किती उष्णता जाते आणि फटींतून किती गार वारा आत येतो ते सगळं मोजायचं. आमच्या घराचं आलं ताशी 42 हजार बीटीयू. तुमच्या एमएसईबीच्या भाषेत साधारण 12 किलोवॅट, म्हणजे 2 किलोवॅटचे सहा गिझर एकदम चालू! ही फर्नेस 96 टक्केवाली आहे, इंधनातली एवढी उष्णता कामी येते, म्हणजे घरात साडेसत्तावन्न हजार येतात, तरी उरतंच ना. जुनी बसवली तेव्हा माळ्यावर इन्सुलेशनच (उष्णता अडवणारा थर) नव्हतं, ते आता आम्ही घातलंय.

उलट मोठी घेतली असती ना, तर धाडधाड गरम हवा सोडून पाच मिनिटांत बंद. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारं बटण, हॉलमध्ये, हॉल तापला की तिचं काम संपलं, आणि तुमची खोली पार टोकाला, ती गारच. लहान असली की सावकाश चालत राहते, सगळीकडे सारखं होतं. तुमचे गुडघे डोक्यात ठेवूनच ठरवलं बाबा, तुमचं ऐकलं नाही असं नका समजू.

आई, तुझ्या दम्यासाठी हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर पण लावलाय, हवा फार कोरडी होते इथे. पलंग खिडकीपासून लांब सरकवला. नाशिकला तू पहाटे बंब पेटवून मला गोधडीसकट उचलून मोरीशी नेऊन बसवायचीस, आता माझी पाळी, गुपचूप लाड करून घे. यंदा मला येता आलं नाही म्हणून तुम्हाला एवढ्या थंडीत बोलावतेय, ते मनाला लागतंच गं.

आता ऐका. गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीवर ओले कपडे, सतरंजी काही टाकायचं नाही. थर्मोस्टॅट 30 वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही, हे बाबांसाठी! कार्बन मोनॉक्साईडचा (वास न येणारा विषारी वायू) अलार्म वाजला तर काही शोधत बसायचं नाही, आधी बाहेर पडायचं, जॅकेट दाराशीच असतील. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. आणि त्या दोन जाड रजया अजिबात भरू नका, त्या जागी मेतकूट आणा.

तुमची,
चिमी