धोतऱ्याच्या रात्रीनंतर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. गडावरच्या मुक्कामात पैजेपायी निखिलने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या, रात्रभर बरळला, स्वतःचे हात ओरबाडून घेतले आणि आता तो ठणठणीत आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला; पण ‘झाडपाल्याचेच तर होते’ हे तुझे वाक्य मात्र मला पटले नाही. महाशिवरात्रीला ते काटेरी फळ आपण महादेवाला वाहतो, प्रसाद म्हणून खात नाही. आयुर्वेदानेही त्याला उपविषातच बसवले आहे. त्यातल्या अॅट्रोपिन आणि स्कोपोलामाइन या विषारी द्रव्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते, त्यामुळे एकाला नुसती कोरड पडते, तर दुसऱ्याचा ताप चढतो, लघवी अडते आणि प्रसंगी जीवही जातो.

एलएसडीसारखे भास घडवणारे रसायन घेतलेल्याला, भीतीने सैरभैर झाला तरी, आपण काहीतरी घेतले आहे एवढे भान बरेचदा असते. धोतऱ्यात नेमके तेच जाते. इस्पितळात रात्रपाळीला असताना असाच एक कॉलेजचा मुलगा आमच्याकडे आला होता. चिमटीत नसलेली विडी धरून तो शांतपणे झुरके घेत होता, चादरीवर राख झटकत होता आणि खाटेशेजारी बसलेल्या, म्हणजे मुळीच नसलेल्या मामाशी शेतीचे बोलत होता. मग एकाएकी त्याला कातडीखाली किडे वळवळताना दिसू लागले, आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी त्याचे हात धरून ठेवले. शुद्धीवर आल्यावर त्याला यातले काहीही आठवत नव्हते. अमेरिकेतल्या जेम्सटाउनला 1676 साली इंग्रज शिपायांनी याच झाडाचा पाला भाजी म्हणून खाल्ला, तेव्हा त्यांनी स्वतःचाच घात करू नये म्हणून त्यांना कोंडून ठेवावे लागले. अकरा दिवसांनी ते भानावर आले, तेही सगळे विसरूनच. तेव्हा ‘मला ताबा ठेवता येतो’ ही निखिलची बढाई तू मनावर घेऊ नकोस.

खरे सांगू? त्या रात्रीचे ओरखडे मला भिववत नाहीत. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, तू लिहिले आहेस की त्याच्या दंडावर जुने, भरून आलेले, एकाखाली एक व्रण दिसले, आणि तेही नशेचेच असावेत. सुधाकर, भ्रमात घडलेली जखम वेडीवाकडी असते. हे व्रण शुद्धीत, एकांतात, बहुधा अनेकदा केलेले असावेत, आणि मग धोतरा हे त्याच्या दुःखाचे कारण नसून त्यातून पळण्याची वाट असण्याचा संभव अधिक.

त्याला मारू नकोस आणि शपथाही घालू नकोस. ‘हे व्रण मी पाहिले, आणि मरावेसे वाटते का रे?’ असे सरळ विचार. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज खोटा आहे. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटा ठेवू नकोस आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे ने. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर कोणी ना कोणी बोलायला असते. डॉक्टरांपाशी धोतऱ्याचे नाव लपवू नकोस. वहिनींनाही आजच सांग, त्यांच्यापासून हे फार दिवस लपणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो. निखिलला माझ्या येण्याचे कारण खरे तेच सांगून ठेव.

तुझा,
वसंत