बापूला विमानात बसू देऊ नकोस

प्रिय विन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, रागावला असशील. राग नंतर काढ, आधी हे वाच. इकडे सगळे बरे आहेत. बापू चिनूच्या लग्नाला पुण्याला निघालाय आणि त्याआधी अमेरिकन सिटिझनशिपचा अर्जही टाकतोय, हे काल कळलं. दोन्ही थांबव. तो फक्त तुझं ऐकतो.

१९९४ ची ती दुकानातल्या चोरीची केस आठव. वकिलाच्या सांगण्यावरून त्याने गुन्हा कबूल केला, एक वर्षाची शिक्षा झाली, तीही स्थगित. एक रात्रही तो आत गेला नाही. तेव्हा चोरी ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड फेलनी’त, म्हणजे हद्दपारी ओढवणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत, मोजायला किमान पाच वर्षांची शिक्षा लागे. ३० सप्टेंबर १९९६ च्या कायद्याने पाचाचं एक वर्ष केलं, स्थगित शिक्षाही पूर्ण धरली आणि हे सगळं जुन्या निकालांनाही लावलं. ३६४ दिवसांची शिक्षा असती तर बापू यात आलाच नसता.

आता तू कट्ट्यावरच्यासारखं आपल्या घटनेचं कलम २० काढशील, की नव्या कायद्याने जुन्या गुन्ह्याची शिक्षा वाढवता येत नाही. अरे, तशी मनाई इथल्या घटनेतही आहे, पण ती फौजदारी शिक्षेपुरती. हद्दपारी ही दिवाणी बाब, असं १९५२ मध्ये हॅरिसिएडिस खटल्यात ठरलं. घरदार सोडायला लावणं ही शिक्षा नाही, हे मला कधीच पटणार नाही. आणि याहून चीड आणणारं पुढे आहे. कबुलीमुळे हद्दपारी ओढवेल हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं पडिया खटल्यात २०१० मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टात ठरलं, पण तो निकाल आधीच्या संपलेल्या खटल्यांना लागू नाही, असं २०१३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं. कायदा मागे जातो, हक्क जात नाही!

पण वाट आहे. २००१ च्या सेंट सायर निकालामुळे हद्दपारी माफ करणारी जुनी २१२(सी) सवलत बापूसारख्यांसाठी जिवंत आहे. कबुलीचा करार २४ एप्रिल १९९६ च्या आधीचा हवा (निकालाची तारीख नव्हे, कबुलीची) आणि सलग सात वर्षांचं कायदेशीर वास्तव्य हवं. फॉर्म आय-१९१. देणं न देणं न्यायाधीशाच्या हाती, म्हणून नोकरी, कर, मुलं, सगळ्याचे कागद लागतील.

प्रवासाचं म्हणशील तर, १९९६ च्या आधी कबुली दिलेल्या ग्रीनकार्डवाल्याची छोटी परदेशवारी त्याच्याविरुद्ध धरायची नाही, असा २०१२ चा वार्टेलस निकाल आहे. पण परतताना विमानतळावर बोटांचे ठसे घेतले की जुनी केस वर येते, आणि हद्दपारीची नोटीस तिथेच हातात पडू शकते. अर्जाचंही तेच. शिवाय २९ नोव्हेंबर १९९० नंतरची अशी शिक्षा असेल तर नागरिकत्व कायमचं बंद, म्हणजे फी जाणार आणि फाईल उघडणार. राज्याच्या कोर्टातून रेकॉर्ड पुसून घेतलं तरी इमिग्रेशनवाले ते धरतातच, हेही त्याला सांग.

त्याने आधी कोर्टातून कबुलीच्या आणि शिक्षेच्या प्रमाणित प्रती काढाव्यात आणि त्या घेऊन इमिग्रेशनच्याच वकिलाकडे जावं. तो जुना फौजदारी वकील नको.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूला आशीर्वाद. बापूला आजच फोन कर, तिकीट शुक्रवारचं आहे.

तुझा,
मध्या