फाईलमधले ते रिपोर्ट

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

परवा कपाटातल्या फाईलमध्ये तुला मॅमोग्राफी आणि सीटी स्कॅनचे रिपोर्ट दिसले, आणि बेंगळुरूला पोचेपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. पेन धरायला त्रास नाही. माझ्या या स्नायूंच्या दुखण्यानं दंड आणि मांड्या धरल्या, बोटं वाचली.

आधी पापण्या जांभळट झाल्या. डॉक्टर म्हणाले, काजळाची ॲलर्जी. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले, ते मी भांड्यांच्या साबणावर ढकलले. मग एके दिवशी वलणीवर तुझ्या बाबांचा सदरा टाकायला हात वर केला, तो खांद्यापर्यंतही जाईना. लोकलच्या गाडीत वरची कडी धरता येईना, आणि तिघींच्या बाकावर चौथी सीट मागितली की बायका मला आपादमस्तक न्याहाळायच्या. दिसायला धडधाकट ना मी! स्नायूंना इजा झाली की रक्तात सीपीके नावाचं द्रव्य वाढतं; ते साधारण २०० च्या आत हवं, माझं ४,२०० निघालं. तेव्हा कुठे नाव कळलं, डर्मॅटोमायोसायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या स्नायूंवर आणि कातडीवर उठते. संसर्गजन्य नाही, हे शेजारच्या काकूंना दोनदा सांगावं लागलं.

आता त्या रिपोर्टांचं. मोठ्या वयात हा आजार झाला की कधी कधी मागे कॅन्सर दडलेला असतो, म्हणून शोधतात. तेव्हा तुझी परीक्षा होती. रिपोर्ट साफ आले, मग सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी सांगितलं नाही. पहिली काही वर्षं जपावं लागतं, म्हणून यंदाही तपासणी आहे. या वेळी तारीख तुला आधी कळवीन.

स्टेरॉइड कमी होतंय, तोंडाचा फुगा उतरला. प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. कालनिर्णयावर बाबा लाल खूण करतात. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डबी त्यांच्या ताब्यात. भर जानेवारीत छत्री घेऊन निघते, कारण उन्हानं चट्टे उसळतात. चाळीतली पोरं हसतात, हसू देत.

लिफ्टच्या इमारतीत जायचं तुझं म्हणणं पटतं, पण इतक्यात नको. आपल्या जिन्याच्या ५४ पायऱ्या आहेत. मे महिन्यात २० वर बसावं लागायचं, आता ३८ वर बसते. डॉक्टरांनाही मी हाच आकडा सांगते.

गणपतीला दोन दिवस आधी ये. माळ्यावरचं मखर काढायचंय, आणि स्टुलावर मी चढणार नाही, एवढं कबूल.

तुझी,
आई