तक्रार पत्र : न केलेल्या कामाचे प्रमाणपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) इंटर्नशिपची फी परत मिळणे व खोटा मजकूर असलेले प्रमाणपत्र बदलून मिळणेबाबत.

महोदय,

मी कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यावर आपल्या कोल्हापूर शाखेत उन्हाळी इंटर्नशिपसाठी नाव घातले. फी 9,000 रुपये आणि 'सेफ्टी किट'चे 1,200 रुपये भरले. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत. आपल्या जाहिरातीत 'शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत सहा आठवडे प्रत्यक्ष काम, लाइव्ह प्रोजेक्ट' असे मोठ्या अक्षरांत छापले होते. त्या जाहिरातीची प्रतही जोडली आहे, कारण नंतर आपल्या शाखेने ती काढून टाकली.

प्रत्यक्षात आम्हाला राजारामपुरीतल्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये बसवले आणि पडद्यावर व्हिडिओ दाखवले. ते व्हिडिओ परदेशातल्या कारखान्यांचे होते. रोबो साचे उचलतोय, माणूस कुठे दिसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा फौंड्रीचा पट्टा शहराच्या दोन्ही अंगांना पसरलेला असताना कोल्हापूरच्या पोरांना फौंड्री व्हिडिओत बघायला लावायची, याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. शाखेत विचारले की एकच उत्तर : 'परवानगीचं चाललंय, पुढच्या आठवड्यात नक्की.'

शेवटी एकदा नेले, तेही अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. तिथल्या एका वयस्कर मोल्डरनी, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या कारागिरांनी, मला वाळू हातात घ्यायला लावली. म्हणाले, "मूठ दाब पोरी, आता मोड. कड धरून तुटली पाहिजे. हाताला चिकटली तर पाणी जादा, भुगा झाला तर कमी." पाणी जादा झाल्यावर काय होते हे विचारले तर म्हणाले, "वाफ जाणार कुठं? रसातनंच वाट काढणार. मग आहेच की ब्लो होल." रस म्हणजे वितळलेला धातू आणि ब्लो होल म्हणजे ओतलेल्या तुकड्यात राहणारी पोकळी. ओलावा, बंध आणि वाफेला मिळणारी वाट, हा आमच्या पुस्तकातला अख्खा धडा त्यांनी चहा गार व्हायच्या आत संपवला. फर्नेसकडे जायला निघालो तेवढ्यात तुमच्या माणसाने बस थांबलीय म्हणून हाका मारल्या. किटमधले हेल्मेट तेवढे एकदाच डोक्यावर चढले.

इतके होऊनही मी कदाचित गप्प बसले असते. पत्र लिहायला बसले ते नंतर हातात पडलेल्या कागदांमुळे.

प्रमाणपत्रावर छापले आहे की मी सहा आठवडे मोल्डिंग आणि मेल्टिंग विभागात काम केले आणि 'ग्रे आयर्न कास्टिंगमधील दोषांचे विश्लेषण' हा प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण केला. असा कुठलाही प्रकल्प झालेला नाही. शाखेने सगळ्यांना एकच तयार अहवाल पाठवला आणि पहिल्या पानावर आपापले नाव घालायला सांगितले. सोबत दैनंदिन नोंदवही कोरी दिली, ती एका बैठकीत भरायची. वर सल्ला असा, की वेगवेगळ्या पेनांनी भरा म्हणजे रोजची वाटेल.

तो अहवाल मी पूर्ण वाचला. आपल्या शाखेत तो कोणी वाचला असेल असे वाटत नाही. त्यात बीड, म्हणजे हेच ग्रे आयर्न, ओतण्याचे तापमान 1100 अंश सेल्सियस दिले आहे. बीड 1150च्या आसपासच पूर्ण घट्ट होते. म्हणजे अहवालातला रस साच्यापर्यंत पोहोचायचा प्रश्नच नाही, तो लॅडलमध्येच, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातच, दगड होऊन बसणार. ओतकाम साधारण 1350च्या पुढे होते, हे शिरोलीत कुठल्याही फर्नेसवाल्याला विचारा. त्याच्या पुढच्या पानावर कार्बन 3.3, सिलिकॉन 2.1, फॉस्फरस 0.1 टक्के आणि कार्बन इक्विव्हॅलंट (या तिन्हींचा एकत्रित परिणाम दाखवणारा आकडा) 5.5! सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेला तीनने भागून ते कार्बनमध्ये मिळवायचे असते. उत्तर 4.03 येते. तुमच्या अहवालात तिन्ही आकड्यांची सरळ बेरीज मारून ठेवली आहे. आणि हा अहवाल दोषांच्या विश्लेषणाचा!

हे मी शाखेतल्या समन्वयक सरांना दाखवले. ते म्हणाले, "अगं, आतलं कोण वाचतंय? एक्स्टर्नल सही-शिक्का बघतात." सर, तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, मी बसणार आहे, समन्वयक नाहीत. पुढे नोकरीच्या मुलाखतीत 'मेल्टिंगमध्ये काम केलंय ना, मग चिल टेस्ट कशी घेतात सांगा' असे कोणी विचारले, तर त्या कागदामुळे खोटी मीच ठरणार.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर टर्नर आहेत. त्यांच्या ओळखीने एखाद्या छोट्या शॉपमध्ये मला फुकट उभे राहता आले असते, शिकायलाही जास्त मिळाले असते. पण तिथला मालक लेटरहेडवर तासांचा हिशेब लिहून देणार नाही आणि कॉलेजला तोच लागतो. आपल्यासारख्या कंपन्यांचा धंदा नेमका या फटीत चालतो. कागद मिळवून देण्याचे पैसे घेतलेत, निदान कागद तरी खरा द्यायचा. माझ्यासोबत गडहिंग्लजहून आलेली मैत्रीण या सगळ्या काळात कॉट बेसिसवर राहिली. खोलीभाडे आणि मेस धरली तर तिचा खर्च माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. ती स्वतंत्र पत्र पाठवत आहे.

मला 9,000 रुपये फी पूर्ण परत हवी. किटचे 1,200 रुपयेही परत द्यावेत, वस्तू मी शाखेत जमा करीन. जुने प्रमाणपत्र मी कॉलेजला दिलेले नाही आणि देणारही नाही. त्याऐवजी 'वर्गातील प्रशिक्षण आणि फौंड्रीला अर्ध्या दिवसाची भेट' एवढाच मजकूर असलेले पत्र द्यावे. त्याचे क्रेडिट मिळते की नाही ते माझे मी कॉलेजशी बघेन. आणि पुढच्या बॅचसाठी जाहिरात करणार असाल, तर कुठल्या फौंड्रीशी लेखी करार झाला आहे ते पैसे घेण्याआधी मुलांना दाखवा.

शाखेने 'फी नॉन-रिफंडेबल आहे' असे तोंडी सांगितले. पावतीवर तसे छापलेलेही आहे. परंतु जे द्यायचे कबूल केले तेच दिले नाही, तर ती अट पुढे करता येणार नाही असे माझे म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019मध्ये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींची दखल घेतलेली आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यानेही काम झाले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, त्यामुळे 'एवढ्याशा रकमेसाठी कोण कोर्टात जातंय' या भरवशावर राहू नये.

उत्तर लेखीच द्यावे. शाखेतून फोन करून 'येऊन भेटा, मिटवून टाकू' असे दोनदा सांगून झाले आहे. मला भेटायचे नाही.

कळावे,
आपली,
एक प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनी
कोल्हापूर

सोबत : दोन्ही पावत्या, जाहिरातीची प्रत, प्रमाणपत्राची झेरॉक्स, अहवालाची चुका लाल पेनने खुणावलेली पाने, कोरी नोंदवही.