1036 स्त्रिया : कौतुक कशाचं करताय?

संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकातला ‘मुलींचा सन्मान करणारा सिंधुदुर्ग’ हा मजकूर वाचून राहवलं नाही, म्हणून लिहीत आहे. हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया हा 2011च्या जनगणनेचा आकडा आपण बरोबर छापलात, पण त्याचा अर्थ साफ चुकीचा लावलात. मुलींना किती जपलं जातं हे पाहायचं तर शून्य ते सहा वयोगटातलं प्रमाण बघावं लागतं, आणि त्याच जनगणनेत ते आपल्या जिल्ह्यातही हजाराच्या खालीच होतं.

एकूण आकडा फुगतो तो कमावते पुरुष मुंबई, पुणे, गोव्याला गेल्यामुळे. मागे उरलेल्या वयस्कर माणसांतही बायका जास्त, कारण त्या जास्त जगतात. 2001 मध्ये 8,68,825 असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 8,49,651 झाली. ही घट आणि ते 1036 एकाच कारणातून आले आहेत. आपण मात्र एकाला चिंता म्हटलंत आणि दुसऱ्याला अभिमान!

या घटीचा प्रशासनावर काय परिणाम होतो, यावर एक ओळही नाही. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात 5,000 आणि डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येचा आहे. 2011च्या जनगणनेनुसार आपल्याकडे एका चौरस किलोमीटरमध्ये 163 माणसं राहत होती, राज्यात सरासरी 365. म्हणजे पाच हजारांच्या निकषानं आपल्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे सुमारे 31 चौरस किलोमीटर येतात, राज्याच्या सरासरीनं 14. डोंगरी निकष लावला तरी 18 होतातच. त्यात वाड्या विखुरलेल्या, मध्ये घाट्या (चढ-उताराच्या वाटा) आणि व्हाळ (ओढे). माणसं कमी झाली म्हणून तिची पायपीट कमी होत नाही. उलट घरात म्हातारी माणसंच उरल्यानं रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दारात पोचवायचं काम वाढतं.

आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते ती, 1 मार्च 2027 आहे. फेब्रुवारीत गणना होते तेव्हा गणपती नसतात आणि मे महिन्याची सुट्टीही नसते. साधारण त्या सुमारास भरणाऱ्या आंगणेवाडीच्या जत्रेला आलेला चाकरमानी दोन दिवसांत परत जातो. गणनेच्या संपूर्ण काळात बाहेर असलेल्या माणसाची नोंद गावच्या घरात होत नाही, तो राहतो तिथे होते. घरच्यांनी प्रगणकाला शिधापत्रिकेवरची सगळी नावं वाचून दाखवली, तर तोच माणूस मुंबईतही मोजला जाईल आणि इथेही. नाव सांगितलं नाही म्हणून रेशन तुटत नाही, जनगणनेचा शिधापत्रिकेशी संबंध नाही. लोकांच्या मनात हीच भीती असते. ती दूर करणारा चौकोन छापलात तर खरं काम होईल, आणि तो गणना सुरू व्हायच्या आधी यायला हवा.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर ‘ओरोस तालुका’ असं छापलं आहे. ओरोस हे जिल्ह्याचं मुख्यालय असलं तरी ते कुडाळ तालुक्यात येतं. तालुके आठच आहेत : सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, देवगड, कणकवली, वैभववाडी आणि दोडामार्ग. 1981 मध्ये झालेल्या जिल्ह्याचे तालुके जिल्हा आवृत्तीत तरी चुकू नयेत. दुरुस्ती त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कुडाळ